नव्या घराचे पहिले वर्ष : लेकरे, संसार आणि हातचा धंदा



‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. घर बांधताना माणसाला काय काय सोसावे लागते, ते सगळे तिच्यात आले. पण बांधलेल्या घरात बिऱ्हाड नेऊन बसवणे हेही तितकेच जिकिरीचे काम आहे, आणि त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून गेले, मांडव उतरला, की खरी परीक्षा सुरू होते. घरात पाच-सहा वर्षांच्या आतली लेकरे असली आणि घरची बाई शेतीला जोड म्हणून एखादा हातचा धंदा करीत असली, तर ही परीक्षा चांगली वर्षभर चालते.

गावठाणातले घर सोडून नव्या जागी जाण्याची कारणे अनेक असतात. भावाभावांच्या वाटण्या होतात. जुने घर अपुरे पडते. कोणाला घरकुल मंजूर होते, कोणी राखणीच्या सोयीसाठी मळ्यात राहायला जातो, तर कोणाचे गावच धरणाखाली जाऊन नव्या गावठाणात वसते. कारण कोणतेही असो, कृषी विस्ताराच्या कामानिमित्त शिवारात फिरताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेला येते. घर बदलले की पहिल्या वर्षात शेती कशीबशी चालू राहते, पण बाईचा हातचा धंदा बसतो. तो एकदा बसला की पुष्कळदा उठतच नाही. हक्काची चार पैशांची मिळकत जाते आणि ‘आपल्याला आता जमत नाही’ असे तिच्या मनाने घेतले जाते. असे होऊ नये म्हणून हा लेखप्रपंच.

धंदे अनेक आहेत. कोणी गोधड्या शिवते, कोणी केरसुण्या बांधते, कोणी मातीची भांडी घडवते. या लेखात उदाहरणासाठी बांबूकाम घेतले आहे. एकतर बांबू आपल्याच बांधावर येतो, आणि दुसरे म्हणजे सूप, रोवळी, परडी, हारा, डालगे या वस्तू अजूनही शेतकऱ्याच्या घरात लागतात. तुमचा धंदा वेगळा असला, तरी यातले बरेचसे तुम्हाला लागू पडेल.

धंदा का बसतो?

कोल्हापूरकडच्या डोंगराळ भागात एक कुटुंब गावठाणातून अर्धा कोस दूर, आपल्या रानात राहायला गेले. घर नवे, दोन खोल्यांचे, पुढे पडवी. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दोन वर्षांची. घरची सूनबाई माहेराहून बांबूकाम शिकून आलेली, हात चांगला. गावठाणात असताना आठवड्याला वीस सुपे सहज होत. रानात गेल्यावर चार महिन्यांत वीस सुपेही झाली नाहीत. मालक म्हणाले, “साहेब, घर मोठं झालं, पण धंदा बसला. इकडं आल्यापासून हिचं कामात लक्षच लागत नाही.”

त्यावर त्या माउली म्हणाल्या, “लक्ष लागतंय हो साहेब. पण तिकडं सासूबाई होत्या, शेजारच्या काकू होत्या. पोर कुणाच्याही ओट्यावर खेळायचं. इथं कोयता हातात घेतला की पोर पायात येतं. हात रिकामे कुठं आहेत?”

या एका उत्तरात सगळे आले. जुन्या जागी धंदा एकटी सूनबाई चालवीत नव्हती. सासूबाई, काकू आणि शेजारचे ओटेही तो चालवीत होते, फक्त त्यांचा हिशोब कुठे लिहिलेला नव्हता. नव्या घरात भिंती आल्या, पत्रे आले, वीज आली. लेकरू सांभाळणारे हात मात्र मागे राहिले. म्हणून नव्या घरी धंदा बसवायचा, तर ‘अवजारे कुठे ठेवू?’ हा प्रश्न दुसरा. ‘कामाच्या वेळी मूल कोणाजवळ असेल?’ हा पहिला.

आधी लेकरांची व्यवस्था

दोन-तीन वर्षांच्या मुलाला नवे घर म्हणजे आनंदच असेल, असे आपण धरून चालतो. तसे नसते. त्याच्या ओळखीचा कोपरा, ओळखीचा आवाज, ओळखीची माणसे एकदम नाहीशी होतात. मग ते रात्री दचकून उठते, आईचा पदर सोडत नाही, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागते. याला हट्टीपणा समजून रागावू नये. चार-सहा आठवड्यांत मूल बहुधा आपोआप रुळते. त्याची जुनी गोधडी, जुनी वाटी, जुने खेळणे पहिल्याच फेरीत नव्या घरी न्यावे. झोपायची आणि जेवायची वेळ होती तीच ठेवावी. शक्य असेल तर राहायला जाण्याच्या आधी दोन-चार वेळा त्याला नव्या घरी नेऊन खेळू द्यावे.

राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यातच जवळच्या अंगणवाडीत नाव घालावे. एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात १९७५ साली सुरू झाली आणि सहा वर्षांखालील मुलांसाठी आहार, आरोग्य तपासणी, लसीकरण व शाळापूर्व शिक्षण अशी कामे तिच्यातून होतात. नवी अंगणवाडी दूर असली, तरी चौकशी जरूर करावी. तीन ते सहा वर्षांचे मूल रोज काही तास तिथे रमले, तर तेच आईचे कामाचे तास होतात. पहिले चार-पाच दिवस आईने स्वतः थोडा वेळ तिथे बसावे. मूल रडत असताना गुपचूप निघून येऊ नये, कारण मग त्याचा विश्वास उडतो.

मोठ्या मुलाच्या शाळेबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते आठवीच्या मुलाला, दाखला मिळायला उशीर झाला या कारणावरून नव्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. दाखल्याची वाट पाहत मूल घरी बसवून ठेवण्याचे कारण नाही.

लसीकरणाचे कार्ड तर ट्रंकेच्या तळाशी जाऊ देऊच नये. स्थलांतराच्या धांदलीत नेमका एखादा डोस राहून जातो. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो. याच दुसऱ्या वेळी त्रिगुणी लसीचा बूस्टर असतो, आणि तो पुन्हा पाच ते सहा वर्षांच्या वयात द्यावा लागतो. नव्या भागातल्या आशाताईंना कार्ड दाखवून नाव त्यांच्या यादीत चढवून घ्यावे.

एवढे करूनही दोन वर्षांच्या मुलाचा प्रश्न उरतोच. त्यावर उपाय माणसांचाच. वर सांगितलेल्या घरात असे ठरले, की आजीने आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी, रानातल्या घरी मुक्कामाला यावे. उरलेल्या दिवसांपैकी तीन दिवस सकाळी दूध घालून आल्यावर दोन तास लेक बापाजवळ. ‘बापाजवळ’ म्हणजे बाप गोठ्यात आणि लेक अंगणात असे नव्हे. त्या दोन तासांत त्याचे काम तेच. सुरुवातीला मालकांना हे अवघड गेले. पण आठवड्याला दहा-बारा सुपे बाहेर पडू लागल्यावर त्यांनीच ते तास पाळले.

कामाची जागा

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट असते, आणि त्यातच स्वयंपाकाची जागा धरलेली असते. एवढ्या जागेत संसार, लेकरे आणि धंदा तिन्ही बसवायचे, तर जागेची वाटणी आधी करावी लागते. काम घरात मांडू नये, पडवीत मांडावे. बांबूच्या पट्ट्या आठ-दहा फूट लांब असतात. त्या खोलीत फिरवल्या तर भांडी पडतात आणि मुलाच्या डोळ्याला इजा होण्याचा धोका असतो. पडवी उत्तरेला असली तर ऊन डोळ्यांवर येत नाही आणि विणीचे घर नीट दिसते. पश्चिमेला असली तर एखादा तट्टा बांधून आडोसा करावा.

नव्या घरी गेल्यावर विकण्यासाठी पहिली वस्तू करण्याआधी, बांबूकाम करणाऱ्या भगिनीने स्वतःच्या घरासाठी एक वस्तू करावी. पडवी आणि काम यांच्यामध्ये बसेल असे, कमरेइतके उंच बांबूचे फाटक. कामट्या उभ्या बसवाव्यात, म्हणजे मुलाला पाय देऊन चढता येत नाही. दोन कामट्यांमधले अंतर चार बोटांपेक्षा जास्त नसावे, म्हणजे डोके अडकत नाही. कडा घासून गुळगुळीत कराव्यात आणि कडी बाहेरच्या बाजूला, मोठ्या माणसाच्या हाताला लागेल अशी ठेवावी. दिवसभराचे काम, पण त्याने पुढची तीन वर्षे कोयता आणि लेकरू यांच्यामध्ये काहीतरी उभे राहते.

काम संपले की कोयता, सुरी, करवत भिंतीवर उंच खुंटीला अडकवावी. ‘आत्ता येते’ म्हणून अवजार जमिनीवर ठेवून उठण्याची सवय मोडावी. स्वतःचा हात कापला तर हळद दाबून गप्प बसू नये. जखम साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. शाळेत जाणाऱ्या मुलाने शाळा सुटल्यावर पट्ट्या मोजल्या, परड्या रचल्या तर हरकत नाही. धारेचे अवजार मात्र त्याच्या हाती देऊ नये, आणि कामासाठी शाळा बुडवू नये.

रानातल्या घराचे धोके

गावठाणात जे धोके नव्हते ते रानात असतात. पहिला धोका पाण्याचा. विहिरीला किमान तीन फूट उंच कठडा हवा आणि वर जाळी हवी. प्लॅस्टिकचे अस्तर असलेले शेततळे तर विहिरीहूनही फसवे. त्याचा उतार इतका निसरडा असतो की पोहता येणारा मोठा माणूससुद्धा बाहेर येऊ शकत नाही. शेततळ्याला चारी बाजूंनी कुंपण करावे आणि आत काठापासून तळापर्यंत गाठी मारलेले दोर सोडून ठेवावेत. बांबू भिजवण्यासाठी अंगणात हौद केला असेल, तर त्यावर जड झाकण ठेवावे. लहान मुलाला बुडायला फूटभर पाणीही पुरते.

दुसरा धोका सापाचा. बांबूचा ढीग जमिनीवर टाकला की त्यात उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. म्हणून बांबू घराला लागून रचू नये. थोड्या अंतरावर, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच माचावर ठेवावा आणि त्याखालची जागा साफ ठेवावी. नव्या घरात अजून खाटा आलेल्या नसतात, सगळे खाली झोपतात. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश पुष्कळदा फारसा दुखतही नाही. सकाळी पोट दुखते, पापण्या जड होतात आणि तोपर्यंत वेळ गेलेला असतो. खाट आणि चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हा यावरचा स्वस्तातला उपाय आहे. दंशाची नुसती शंका आली तरी मंत्र-तंत्रात वेळ न घालवता १०८ क्रमांकाला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. विषावर उतारा म्हणजे सर्पविषविरोधी लस. ती दवाखान्यातच मिळते.

विंचवाचेही तसेच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातले कितीतरी प्राण वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध लवकर मिळाले तरच त्याचा गुण. लहान मुलाला विंचू चावला, त्याला घाम सुटला, उलट्या होऊ लागल्या, हातपाय गार पडले, तर एक क्षणही थांबू नये.

तिसरा धोका विजेचा. नवे मीटर यायला उशीर होतो म्हणून शेतीपंपाच्या लाइनवरून घरात वायर ओढली जाते. ही हौस जिवावर बेतते. घराची जोडणी वेगळी व रीतसर घ्यावी, अर्थिंग नीट करून घ्यावे आणि गळतीचा प्रवाह तोडणारा ईएलसीबी बसवावा. चौथा धोका आपणच घरात आणतो तो. कीटकनाशके आणि तणनाशके राहत्या घरात, आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच ठेवू नयेत. त्यांच्यासाठी बाहेर कुलपाची पेटी करावी.

पाणी नवे म्हणून मुलांची पोटे बिघडतात. विहीर किंवा बोअर नवे असेल तर ग्रामपंचायतीमार्फत पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. तोवर लेकरांसाठी पाणी उकळून ठेवावे. संडास दोन खड्ड्यांचा बांधावा आणि विहिरीपासून किमान दहा मीटर दूर असावा. जुलाब लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजत राहावे. चमचा चहाचा, आणि मीठ मोजून. आरोग्य केंद्रातील जीवनजल पाकीट मिळाले तर ते अधिक चांगले. सोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस देतात. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा विष्ठेत रक्त दिसले, तर घरगुती उपचार करीत बसू नये.

बांबूची बेगमी

आता धंद्याच्या कच्च्या मालाकडे वळू. पहिल्या वर्षी बांबू विकतच घ्यावा लागेल, पण बांधावर लागवड पहिल्याच पावसाळ्यात करून टाकावी. विदर्भात मानवेल आहे, सिंधुदुर्गात माणगा आहे. माणगा भरीव असतो आणि त्याला काटे नसतात, म्हणून लेकरांच्या घराजवळ तो बरा. घराला अगदी लागून मात्र लावू नये. सलग लागवडीत दोन बेटांत पाच मीटर अंतर ठेवले तर हेक्टरी ४०० बेटे बसतात. घरच्या धंद्याला एवढ्यांची गरज नाही, बांधावर दहा-वीस बेटे पुरेशी होतात. चौथ्या-पाचव्या वर्षापासून तोड मिळू लागते.

तोड करताना पहिल्या-दुसऱ्या वर्षाची काठी राखावी, तीन वर्षे पूर्ण झालेली घ्यावी. पावसाळ्यात तोडू नये. त्या दिवसांत नवे कोंब येत असतात. हिवाळ्यात तोडलेल्या बांबूत पिष्टाचा अंश कमी असतो, म्हणून त्याला भुंगेरा कमी लागतो. ज्या बांबूतून पिठासारखी पूड गळते, तो भुंगेऱ्याने पोखरलेला समजावा. तोडलेला बांबू तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला, तर हा पिष्टाचा अंश धुऊन जातो आणि माल टिकतो.

खुर्ची, मांडणी अशा वस्तूंच्या बांबूसाठी बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स यांचे द्रावण वापरतात. १०० लिटर पाण्याला २ किलो बोरिक ॲसिड आणि ३ किलो बोरॅक्स हे प्रमाण. पण सूप, रोवळी अशा धान्या-भाताशी संबंध येणाऱ्या वस्तूंना हे द्रावण लावू नये. त्यांना पाण्यात भिजवणे आणि चांगले वाळवणे एवढेच पुरे. ही पावडर पांढरी असते आणि मुलांना ती साखर वाटू शकते. ती पोटात गेल्यास विषबाधा होते, म्हणून तीही त्या कुलपाच्या पेटीतच ठेवावी.

पूर्वी स्वतःच्या शेतातला बांबू तोडून नेतानाही परवान्याची कटकट होती. २०१७ साली भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन, वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. शेतातल्या बांबूबद्दलची ती जुनी भीती आता मनातून काढून टाकावी.

विक्री आणि हिशोब

घर बदलले की गिऱ्हाईकही मागे राहते. गावठाणात वस्तू दारात विकली जात असे. रानातून बाजार गाठावा लागतो. इथे पुष्कळ घरांचा हिशोब चुकतो, कारण वेळेचा भाव कोणी धरत नाही. एक उदाहरण पाहू. आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. तुम्ही तुमचे घालावेत.

समजा एका सुपाला २० रुपयांचा बांबू लागला आणि किरकोळ खर्च १ रुपया आला. एक सूप करायला अडीच तास लागले. वीस सुपे बाजारात नेली, जाण्यायेण्याला ८० रुपये आणि सहा तास गेले. सूप १२० रुपयांना विकले. एकूण विक्री २,४०० रुपये, खर्च ५०० रुपये, उरले १,९०० रुपये. वेळ लागला विणण्याचा ५० तास आणि बाजाराचा ६ तास, म्हणजे ५६ तास. तासाला सुमारे ३४ रुपये पडले.

आता समजा व्यापारी घरी येऊन १०० रुपयांना सूप घेऊन गेला. विक्री २,००० रुपये, खर्च ४२० रुपये, उरले १,५८० रुपये आणि वेळ ५० तास. तासाला सुमारे ३२ रुपये पडले. सुपामागे वीस रुपये जास्त दिसत होते, पण प्रत्यक्षात तासाला फरक दोनच रुपयांचा. आणि त्यासाठी लेकरे सहा तास आईवाचून राहिली. तेव्हा पहिल्या वर्षी, मूल अंगावर असताना, घरी येणारे गिऱ्हाईक थोडे कमी भावाने धरले तर ते नुकसान मानू नये. मुले मोठी झाली की बाजार आहेच. उलट व्यापारी ८० रुपयेच देऊ लागला, तर तासाला २४ रुपये पडतील. मग बाजार गाठलाच पाहिजे, किंवा चार बायकांचा माल एकत्र करून एकीने पाळीपाळीने न्यावा.

वर्षाचे वेळापत्रकही बांधून घ्यावे. पावसाळ्यात दमट हवेने मालाला बुरशी येते. तेव्हा माल करून साठवण्यापेक्षा मागणीपुरताच करावा आणि चुलीच्या धगीपासून दूर, पण कोरड्या जागी टांगावा. कोकणात गौरीच्या ओवशाला नवी सुपे लागतात. त्यांची ऑर्डर श्रावणाआधीच घ्यावी. दिवाळीत आकाशकंदिलाचे सांगाडे, सुगीला सुपे आणि हारे, लग्नसराईत परड्या-करंड्या. खरीप काढणीच्या ऐन घाईत बांबूकाम बंद ठेवावे लागले तर मनाला लावून घेऊ नये. मात्र काम पुन्हा सुरू करण्याचा दिवस आधीच ठरवून ठेवावा.

कागदपत्रे आणि सवलती

नव्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ मध्ये झाली आहे ना, ते पाहावे. घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावून घ्यावे. शिधापत्रिकेवरचा आणि आधारवरचा पत्ता बदलावा. बचत गट जुन्या वस्तीत राहिला असेल, तर तिथला हिशोब पूर्ण करून उतारा घ्यावा आणि नव्या वस्तीतल्या गटात नाव घालावे. ग्रामीण जीवनोन्नतीचे ‘उमेद’ अभियान महाराष्ट्रात २०११ पासून चालू आहे. त्याच्या प्रभाग पातळीवरच्या ताईंना भेटल्यास गट आणि विक्री दोन्हींची वाट सापडते.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, आणि टोपली, चटई, झाडू करणारे कारागीर त्यांत आहेत. कुंभार आणि शिंपीही आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. तेव्हा नाव कोणाचे द्यायचे हे घरात बसून ठरवावे, आणि ज्याच्या हातात खरोखर कोयता आहे त्याचेच द्यावे. धंदा बायकोचा आणि नाव नवऱ्याचे, असे करू नये. अर्ज सामाईक सेवा केंद्रातून होतो. अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जाआधी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. आणि कर्ज मिळते म्हणून घेऊ नये. पहिल्या वर्षी धंदा पूर्वीच्या निम्म्यावर आला, तरी कर्जाची गरज आहे का, हे आधी पाहावे.

परसबागेला विसरू नका

न्हाणीघराच्या सांडपाण्यासाठी एक मीटर लांब, रुंद व खोल असा दगडगोट्यांचा शोषखड्डा करावा, किंवा ते पाणी सरळ परसबागेला द्यावे. शेवगा, कढीपत्ता, पपई, लिंबू आणि वेलावर दोडका-कारले. पपई वर्षाच्या आत फळ देते आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी त्याहून आधी मिळते. वेलांना मांडव घरच्याच बांबूचा. मुलाला एखादे रोप त्याचे म्हणून लावायला द्यावे आणि रोज तांब्याभर पाणी घालायला सांगावे. नवी जागा आपली वाटायला लेकराला एवढे पुरते.

शेवटी घरातल्या कर्त्या पुरुषांना आणि सासूबाईंना एक सांगणे आहे. नव्या घरी पहिल्या वर्षी सूनबाईची मिळकत निम्म्यावर आली, तर तिने काम कमी केले असे समजू नका. ती तेच काम करते आहे. फक्त पूर्वी चार माणसांत वाटलेले लेकराचे काम आता तिच्या एकटीच्या डोक्यावर आले आहे. वर्षप्रतिपदेला नवे पंचांग आणता, तसे एका वहीत आठवड्याचे सात दिवस मांडा आणि प्रत्येक दिवसापुढे लिहा : या दिवशी दोन तास लेकरू कोण सांभाळणार? सातांपैकी पाच दिवसांपुढे आईखेरीज दुसऱ्या कोणाचे तरी नाव लिहिता आले, तर धंदा पावसाळ्यापूर्वी उभा राहील, आणि बांधावरचे बेट तोडीला येईल तोवर त्याला गिऱ्हाईकही असेल.